सुगडातली गाजरं

ताडकळसचा गाजराचा केक मी शोधून काढला, हे खोटं आहे. आधी हे लिहून टाकते, म्हणजे पुढचं लिहायला हात मोकळा होईल. गेल्या संक्रांतीला कुठल्याशा चॅनेलचा एक पोरगा माईक घेऊन घरी आला होता. मला खुर्चीत बसवलं, मागं वाळत घातलेला परकर काढायला लावला आणि विचारलं, "आजी, ही रेसिपी तुम्हाला सुचली कशी?" मी म्हटलं, "बाळा, घरात टोपलंभर गाजरं पडली की काहीबाही सुचतंच." पोरगा खूश, कॅमेरावाला खूश, आमची सूनबाई तर दारात उभी राहून नुसती फुललेली. ते गेल्यावर मात्र मला माझीच लाज वाटली. वय झालं बहात्तर. गुडघे कुरकुरतात, एका कानानं ऐकू येत नाही, आता खोटं बोलून मिळवायचं ते काय राहिलंय? ज्या बाईच्या हातून तो केक झाला तिचं नाव कुठल्या बेकरीच्या पाटीवर नाही आणि त्या कॅमेऱ्यातही गेलं नाही. ती माझी आत्या. काशीबाई.

माझा नातू म्हणतो, "आजी, गाजराचा केक तर इंग्रजांनी काढला. त्यांच्याकडं साखर महाग होती, म्हणून ते गाजर घालायचे." मोबाइलवर दाखवलंही त्यानं. असेल बाबा. त्यांच्याही घरात एखादी बिनचष्म्याची आत्या असेल. मी आपली माझ्या घरातली गोष्ट सांगते.

आमचं घर मास्तरांचं. अण्णा, म्हणजे माझे वडील, गावातल्या शाळेत मास्तर होते. पाच एकर कोरडवाहू रान होतं ते चुलत्याकडं बटईनं. घरात अण्णा, माय, माझे दोन धाकटे भाऊ, मी आणि आत्या. आत्या अण्णांची थोरली बहीण. लग्नानंतर चौथ्याच वर्षी कपाळ पांढरं होऊन ती माहेरी परत आली, तेव्हा अण्णा सात वर्षांचे होते आणि त्यांची आई नुकतीच गेली होती. आत्यानंच त्यांना वाढवलं, शिकवलं, मास्तर केलं, लग्न लावून दिलं आणि मग घराची सगळी सूत्रं स्वतःच्याच हातात ठेवली. अण्णा शाळेत पोरांच्या पाठीवर छडी मोडायचे, पण घरात आल्यावर त्यांचं एकच वाक्य, "अक्काला विचारा." मीठ किती घालायचं, अक्काला विचारा. म्हैस विकायची का, अक्काला विचारा. एकदा आमच्या धाकट्यानं शाळेत विचारलं, "अण्णा, बावीस त्रिक किती?" तर मागून एक पोरगं ओरडलं, "अक्काला विचार!" त्या पोरानं मार खाल्ला तो खाल्लाच, पण वर्ग आठवडाभर हसत होता.

स्वयंपाकघर हे आत्याचं राज्य. धूर कोंडलेली काळी खोली, एक झरोका, दोन चुली आणि भिंतीला ओळीनं लावलेले पत्र्याचे पिवळे डबे. सगळे एकसारखे. कशात काय आहे ते फक्त आत्याला माहीत. माय वीस वर्षं त्या घरात नांदली, पण डाळीच्या डब्याऐवजी हरभऱ्याचा डबा उघडायची आणि आत्या चुलीपुढून मान न वळवता म्हणायची, "तिसरा गं, तिसरा." सकाळी भाकरी थापायचा आवाज आधी कानात यायचा, मग उजाडायचं. आत्याच्या हाताला जी चव होती ती मी अजून कुठं चाखली नाही, आणि हे मी गृहविज्ञान शिकवण्यात तीस वर्षं घालवलेली बाई म्हणते आहे. तिचं वरण, तिचे धपाटे, तिचं ठेच्यातलं मीठ! मोजमाप काही नाही. मूठ, चिमूट आणि "हाताला कळतंय."

तर मी मॅट्रिक झाले आणि परभणीला मुलींसाठी गृहविज्ञानाचा अभ्यासक्रम आहे असं कळलं. राहायला वसतिगृह. मला जायचं होतं. किती जायचं होतं ते आता सांगून कळणार नाही. रात्रंदिवस तेच डोक्यात. अण्णांना विचारलं. अण्णांनी पेपर खाली न ठेवता सांगितलं, "अक्काला विचार."

आत्या भाकरी थापत होती. तिनं ऐकून घेतलं, भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं आणि म्हणाली, "सैपाक शिकायला परभनीला? कामून गं? आपल्या चुलीला काय झालंय?"

"नुसता स्वयंपाक नसतो आत्या. शास्त्र असतं."

"कशाचं शास्त्र? भूक लागली की खायाचं, हे शास्त्र." मग तिला काय वाटलं कोण जाणे. हातातलं उलथनं माझ्यापुढं धरून म्हणाली, "बरं, ऐक. मला येत न्हाई असं एक तरी खायचं करून दाखीव. एकच. मग जा खुशाल, मी तुजी ट्रंक सोता भरून देते."

मला वाटलं, हे तर चुटकीसरशी. सात महिने मी घरी बसून त्या चुटकीमागं लागले. एका मैत्रिणीकडून मासिकं आणायची, त्यातलं काही करायचं आणि आत्यापुढं ठेवायचं. कस्टर्ड केलं. आत्यानं बोट बुडवून चाटलं, म्हणाली, "खीर हाय. शेवया इसरलीस." टोमॅटोचं सूप केलं. "सार हाय. हिंग कमी." कटलेट केलं, त्याला बिचाऱ्याला मी पानाच्या आकाराचं केलं होतं. "बटाट्याचा वडा हाय की! चपटा कामून झाला? कोन बसलं काय त्याच्यावर?" भाऊ हसून हसून लोळले. मी परसात जाऊन रडले. माय हळूच येऊन म्हणाली, "रडू नको. तिला सगळं येतंय, हाच तिचा आदार हाय."

मायचं हे बोलणं मला तेव्हा नीट कळलं नाही. पण त्या सात महिन्यांत घरी बसल्यामुळं मला एक गोष्ट कळली, जी घरात कुणालाच माहीत नव्हती. आत्याला, किती वर्षांपासून कोण जाणे, दिसत नव्हतं. अगदीच नाही असं नाही, पण जवळचं सगळं धूसर आणि लांबचं अंदाजानं. सुई माझ्या हातात द्यायची, "ओव बरं, तुला सवय पायजे." तांदूळ निवडताना डोळे दुसरीकडं आणि बोटं ताटात फिरायची, खडा बोटानं शोधायची. एकदा दारात पोस्टमन उभा होता, त्याला ती म्हणाली, "पाय धून ये आन् बस जेवायला." पोस्टमन शहाणा माणूस. पाय धुऊन आला आणि जेवून गेला. आत्यानं नंतर सांगून टाकलं की उन्हातान्हात फिरतंय लेकरू, म्हणून मुद्दाम बोलावलं.

मी एकदा म्हटलं, "आत्या, चष्मा लावत जा." तिनं माझा हातच धरला. घट्ट. "कुनाला बोलू नको," म्हणाली. मग तिनं मला तिच्या सासूचं सांगितलं. म्हातारीची नजर गेली तशी घरातल्यांनी तिला ओसरीवर नेऊन बसवलं. ताट तिथंच, पाणी तिथंच. मिठाच्या बरणीला हात लावू देत नव्हते. "मी बगितलंय शके. दिसंना झालं की बाईचं राज्य गेलं. ह्या घरात माजं दुसरं हाय काय?" एवढी करारी बाई, पण हे बोलताना तिचा आवाज बारीक झाला होता. मी कुणाला बोलले नाही.

मग संक्रांत आली. सुगडं म्हणजे मातीची लहान मडकी. त्यात हरभऱ्याचे घाटे, बोरं, उसाचे करवे, तीळ आणि गाजराचे तुकडे घालून बायका एकमेकींना वाण देतात. आता प्लॅस्टिकचे डबे देतात, ते सोडा. माय मास्तरीणबाई. शाळेतल्या झाडून सगळ्या पोरांच्या आया तिला वाण द्यायला यायच्या. त्यात तुकडे बारीक करायचा कंटाळा म्हणून निम्म्या बायका अख्खी गाजरंच खोवायच्या. ऊस भाऊ खायचे, बोरं मी खायची, गाजरं उरायची. टोपलंभर. आणि आत्याचा नेम असा, की सुगडातलं काही टाकायचं नाही, बाहेर द्यायचं नाही, जनावरापुढंही घालायचं नाही. रथसप्तमीच्या आत घरच्यांच्याच पोटात गेलं पाहिजे. त्यामुळं संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत आमच्या घरी गाजराची भाजी, गाजराची कोशिंबीर, गाजराचे धपाटे, उकडलेली गाजरं, गाजराची खीर, गाजराचं लोणचं. अण्णांचे दात आधीच नाजूक. शाळेत पोरं त्यांना पाठीमागं गाजरमास्तर म्हणायची आणि ते त्यांना माहीत होतं.

रथसप्तमीला मायचं हळदीकुंकू असायचं. चाळीसेक बायका यायच्या. त्यांना द्यायला आत्याची गुळाची बिस्किटं. ही बिस्किटं गावात प्रसिद्ध. बाजाराच्या टोकाला बाबूमियाँची भट्टी होती. तेव्हाची पद्धत अशी, की आपापल्या घरून पीठ, तूप, गूळ सगळं डब्यात भरून भट्टीवर न्यायचं, बाबूमियाँ ते मळून, बिस्किटं पाडून, भाजून द्यायचा. चाळीस बायकांचे चाळीस डबे, ओळीत ठेवलेले. भाजायचे पत्रे एकमेकांत मिसळू नयेत म्हणून प्रत्येकीची खूण. कुणी बांगडीचा तुकडा ठेवायची, कुणी तुरीचा दाणा. आमची खूण चिंचोका. आत्या डबा स्वतः भरायची, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही, आणि बाबूमियाँला दरवर्षी तोच निरोप, "अंड्याचा हात आमच्या पिठाला लावायचा न्हाई." बाबूमियाँही दरवर्षी कानाला हात लावून म्हणायचा, "तोबा, काशीमाँ का डब्बा है, मैं क्या पागल हूँ?"

त्या वर्षी आदल्या दिवशी आत्यानं मला उरलेली सगळी गाजरं किसायला बसवली. वड्या करायच्या होत्या. दोन तास किसत होते, बोटांची साल निघाली. किसावर गूळ घालून तो पिवळ्या डब्यात झाकून ठेवला. शेजारच्या तशाच पिवळ्या डब्यात बिस्किटांसाठी किसलेला गूळ होता. दुसऱ्या दिवशी सकाळी चुलीवर रथसप्तमीचं दूध उतू घालायला ठेवलेलं, खोलीत धूर, आणि आत्या भट्टीचा मोठा डबा भरत होती. पीठ, रवा, तूप, वेलदोडा, मग मुठीमुठीनं गूळ. मी केस विंचरत दारातून बघत होते. मलाही काही वेगळं दिसलं नाही. तिनं झाकण दाबलं, वर चिंचोका ठेवला आणि म्हणाली, "जा पळ, नंबर लाव."

भट्टीवर बाबूमियाँनं झाकण काढलं आणि तो थांबला. पुन्हा झाकण लावलं, पुन्हा काढलं. "बेटी," म्हणाला, "ये क्या लाई तू?"

मी वाकून बघितलं. आत लालभडक किस. गाजराला गुळानं पाणी सुटलेलं, ते सगळं पिठात उतरलेलं, तूप वर तरंगतंय. मला एका क्षणात कळलं. गुळाचा डबा घरी भरलेलाच आहे आणि आत्याच्या हाताला, त्या कधी न चुकणाऱ्या हाताला, गुळानं चिकट झालेला किस या वेळी कळला नाही. संध्याकाळी चाळीस बायका येणार, बिस्किटं नाहीत, आणि का नाहीत हे विचारणार.

"किसने भरा डब्बा? काशीमाँ ने?" बाबूमियाँनं विचारलं. ओळीतल्या सगळ्या बायका माना लांब करून बघायला लागल्या होत्या.

"मी," मी म्हटलं. "मीच भरला. असंच करायचं होतं मला."

"असंच म्हंजे कसं? बिस्कूट नै होते ह्याचे, माय. पूरा गीला हो गया."

"मग दुसरं काहीतरी करा की काका!" मी जवळजवळ रडतच ओरडले. "तुम्हाला काहीच येत नाही का?"

हे त्याला लागलं. भट्टीवाल्याला येत नाही का विचारणं म्हणजे काय! त्यानं बोटानं पीठ उचलून जिभेवर ठेवलं, डोळे मिटले. मग एकदम कामाला लागला. "फेकना नक्को. अल्ला का दिया है, सुगडातलं हाय, मला म्हाईत नाय का तुमचं? छाछ है क्या कुनाकडं?" माळ्याच्या सरूबाईनं स्वतःच्या भाकरीबरोबर आणलेलं तांब्याभर ताक पुढं केलं. बाबूमियाँनं सोडा टाकला, ताक ओतलं, दोन्ही हात कोपरापर्यंत घालून घोटलं आणि पावाच्या साच्यांना आमचंच तूप लावून त्यात ओतलं. कोपऱ्यातल्या साच्यात चिंचोका दाबला. मी भिंतीला टेकून बसले आणि सगळ्या देवांना एकेक नारळ बोलले. किती बोलले ते आठवत नाही, फेडले तर मुळीच नाहीत.

वास आधी आला. भाजलेल्या गुळाचा, तुपाचा, वेलदोड्याचा आणि आणखी कसला तरी, जो आम्ही कुणी कधी घेतला नव्हता. ओळीत भांडणाऱ्या दोघी बायका भांडण विसरल्या. साचे बाहेर आले तेव्हा वरून तपकिरी, फुगलेले, मध्ये भेगा. बाबूमियाँनं एक कोपरा मोडून तोंडात टाकला. दुसरा कोपरा मोडला. "काका, संपवता का काय?" मी म्हटलं. तर म्हणाला, "बेटी, मेरे अब्बा की भट्टी है ये. ऐसी चीज ह्यातून कधी निघाली न्हवती."

घरी पोचेपर्यंत ऊन उतरलं होतं, बायका जमायला लागल्या होत्या. मायनं टोपलीवरचं फडकं उचललं आणि तिचा चेहरा पडला. तिनं माझ्याकडं बघितलं, मग आत चुलीकडं बघितलं. चुलीशेजारी आत्या वड्यांसाठी डबा उघडून बसली होती. हात डब्यात होता. तिनं किस चिमटीत धरला, जिभेवर ठेवला. गूळ. नुसता गूळ. ती तशीच बसून राहिली, हात डब्यातच. मला तिच्याकडं बघवेना. मी टोपली उचलली आणि ओसरीवर नेली. लपवून काय करणार? बायका बसलेल्या होत्या.

विधवा म्हणून आत्या हळदीकुंकवाला बाहेर यायची नाही. सगळं तिनंच करायचं आणि दाराआड उभं राहून आपल्या बिस्किटांची तारीफ ऐकायची, एवढाच तिचा सण. आज लिहितानाही मला त्या पद्धतीचा संताप येतो. त्या दिवशीही ती दाराआड येऊन उभी राहिली, चौकट धरून. तिची बोटं मला दिसत होती.

सुऱ्यानं तुकडे करून मी वाटले. मग पाटलीणबाई, जिला प्रत्येक गोष्टीची चौकशी करायची खोड, तोंड भरलेलं असतानाच म्हणाली, "आगं बाई! काय हाय गं हे? काशीबाईची बिस्किटं कुटं गेली?" चघळत चघळत तिनं पुन्हा विचारलं, "काशीबाईनं केलं का हे? का काई चुकलं बिकलं? डबा कोनी भरला हुता?"

चौकटीवरची बोटं हलली नाहीत. मायनं तोंड उघडलं. मायला माहीत होतं, डबा आत्याशिवाय कुणी भरत नाही.

"मी भरला," मी मोठ्यानं म्हटलं. "गाजराचा केक आहे. मी केलाय. मुद्दाम."

मायनं तोंड मिटलं आणि पाटलीणबाईला दुसरा तुकडा वाढला. मग काय विचारता! एकच कालवा. कसा केला, काय घातलं, साखर न्हाई म्हंता, अंडं न्हाई म्हंता, मग फुगला कसा? कुणी पोरासाठी पदरात बांधून घेतला. एका म्हातारीच्या तुकड्यात चिंचोका निघाला तर तिनं तो बदाम समजून चोखत ठेवला. आत्याचा नेम मोडून सुगडातली गाजरं गावभर गेली, टोपली रिकामी झाली आणि मी, जिनं काहीच केलं नव्हतं, घामानं ओली होऊन भिंतीला टेकले. मला आनंद झाला होता का? झाला होता. आणि चोरी केल्यासारखंही वाटत होतं. दोन्ही खरं.

बायका गेल्यावर आत्या बाहेर आली. मी तिच्यासाठी एक तुकडा झाकून ठेवला होता. तो तिनं खाली बसून, सावकाश, कण न् कण खाल्ला. अण्णा शाळेतून आले होते, खुंटीला टोपी अडकवत होते. आत्यानं पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "नाना, हे मला येत न्हाई." ती अण्णांना लहानपणच्या नावानं नाना म्हणायची.

अण्णांना काही कळलं नाही. "काय येत नाही अक्का?"

"हे पोरीनं केलंय ते. मला येत न्हाई. मी तिला जबान दिली हाय. जून लागला की परभनीला धाड तिला."

मी तोंड उघडलं. सांगायचं होतं, शपथ सांगायचं होतं. आत्यानं माझ्याकडं मान वळवली आणि म्हणाली, "गप बस. मोटी मानसं बोलायलीत." मी गप बसले. त्या गप्प बसण्यावरच माझी पुढची सगळी भाकरी आहे.

जूनमध्ये तिनं कबूल केल्याप्रमाणं ट्रंक स्वतः भरली. शेंगदाण्याची चटणी, धपाटे, दोन लुगडी फाडून शिवलेली गोधडी. एसटीच्या थांब्यावर अण्णा कंडक्टरशी ट्रंक वर चढवण्यावरून हुज्जत घालत होते. आत्यानं मला बाजूला घेतलं. वाटलं, आता उपदेश. तर तिनं इकडं तिकडं बघितलं आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "संक्रांतीला येशील तवा एक चष्मा आन. कुनाला सांगू नको. गाजर आन् गूळ येगळं दिसलं पायजे मला."

गाडी सुटली. मी पार पूर्णेच्या फाट्यापर्यंत रडत होते आणि शेजारची बाई मला समजावत होती की सासरी सगळ्याच पोरींना सुरुवातीला असं होतं.

संक्रांतीला चष्मा नेला. परभणीच्या दुकानदारानं वयावरून अंदाजानं काढून दिला, म्हणाला नाही बसला तर बदलून देतो. आत्यानं स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं आणि तो डोळ्यांवर चढवला. काड्या कानांमागं नीट बसेनात, मी बसवल्या. तिनं डब्यांच्या ओळीकडं बघितलं. चुलीकडं बघितलं. "भिंती लय काळ्या झाल्यात की गं," म्हणाली. मग माझ्याकडं बघितलं, बराच वेळ. माझी हनुवटी धरून तोंड झरोक्याकडं वळवलं. "आगं, तुज्या गालावर तीळ हाय?" म्हणाली. मी अठरा वर्षांची होते आणि तो तीळ जन्मापासूनचा होता.

सुगडातल्या गाजरांचं टोपलं कोपऱ्यात होतंच. वर्षभर बाबूमियाँनं तो केक करून बघितला होता, पण "वो बात नै आती" म्हणायचा. कशी येणार? मूठ आत्याची होती. गाव मात्र मला विचारत होतं आणि मी "अभ्यास आहे" सांगून वेळ मारून नेत होते. आत्यानं टोपलं पायानं पुढं सरकवलं, किसणी माझ्या हातात दिली.

"कर," म्हणाली. "कसा करतीस बगू दे. आता मला दिसतंय."

"आत्या," मी म्हटलं, "मला येत नाही."

"मला बी येत न्हाई," आत्या म्हणाली, आणि चष्मा सावरून माझ्यासमोर पाटावर बसली. "चल, दोगी मिळून शिकू."